ढब्बूचे मार्क

४ मार्च, सोमवार

ही वही माझी नाही. सिस्टरनं ती ढब्बूला दिली होती, मनात येईल ते लिहीत जा म्हणून. ढब्बूनं दोन दिवस उशाखाली ठेवली आणि आज माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "आजी, तूच लिही. तुझ्या मनात माझ्यापेक्षा जास्त येतं." म्हटलं, बरं. कोरे कागद वाया कशाला घालवायचे. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नव्हतं म्हणून मला काढलं. लिहिता येतं, पण अक्षर ओळीत राहत नाही, रेघेवरून पाय घसरल्यासारखं खाली जातं. असो. तपासायला इथे मास्तर थोडाच येणार आहे.

ढब्बू म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून ढब्बू. आता चोवीस वर्षांची आहे आणि अंगावर मूठभर मांस नाही, पण मी काही आता नवीन नाव शोधत बसणार नाही. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारते, हे बरं दिसतं की हे. सध्या रजेवर आहे आणि शनिवारपासून माझ्याकडे राहायला आली आहे. राहायला. नुसतं तोंड दाखवून, पायातल्या चपला न काढता निघून जायला नव्हे. तिची पिशवी पलंगाखाली आहे, तिचा दात घासायचा ब्रश माझ्या ब्रशशेजारी आहे. मी मधूनच उगाच बघून येते.

झालं असं की तिनं चुकून गोळ्या जास्त घेतल्या आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. सूनबाईनं फोनवर सांगितलं. "आई, आता बरी आहे, पण विश्रांती हवी, आणि तुमच्याकडेच यायचं म्हणते." सांगताना रडत होती. सूनबाईला रडायला कांदा लागत नाही. मग मुलानं फोन घेतला. "आई, तिला काही विचारत बसू नकोस." मी म्हटलं, विचारायला वेळ कुठे आहे, मलाच केवढं सांगायचं आहे.

वेंधळेपणा आमच्या घरातच आहे. हे एकदा माझी कानात घालायची औषधं डोळ्यांत घालून बसले होते. हे म्हणजे तिचे आजोबा. गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली.

५ मार्च, मंगळवार

ढब्बूबरोबर मला आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे पाहुणे. रोज दोन माणसं घरी येतात. सरकारी आहेत की संस्थेची ते मला कळलेलं नाही, पण दवाखान्याऐवजी घरी येऊन बघतात. आमच्या वेळी माणूस अर्धा गेल्याशिवाय डॉक्टर जिना चढायचा नाही. आता चांगली चालती-बोलती मुलगी आणि तिच्यासाठी रोज दोघं.

एक सिस्टर. ठेंगणी, खांद्यावर मोठी पिशवी, चालताना पिशवीच तिला ओढून नेते असं वाटतं. दुसरा उंच, चाळिशीचा, तो गाडी चालवतो आणि बाकी वेळ गप्प असतो. मी त्याला गप्पू म्हणते. पहिल्या दिवशी तोंडावर म्हटलं, तर हसला. सिस्टर आत ढब्बूशी बोलते, तेव्हा गप्पू माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसतो. चहा घेतो. मी बोलते, तो ऐकतो. असं ऐकणारं माणूस मला फार दिवसांनी मिळालं. वरच्या मजल्यावरचा घड्याळजी ऐकतो, पण त्याला ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी एक लहान लोखंडी पेटी आणली आणि घरातल्या सगळ्या गोळ्या तिच्यात ठेवायला सांगितल्या. माझ्या रक्तदाबाच्यासुद्धा. किल्ली माझ्या गळ्यात. सुऱ्यासुद्धा कपाटात कुलपात. आता भाजी चिरायची म्हणजे आधी खजिना उघडावा लागतो. मला वाटतं माझं वय बघून करतात, विसरभोळेपणानं काही होऊ नये म्हणून. काळजी घेतात बिचारे. सिस्टर म्हणाली, "आजी, तिला घरात एकटी सोडू नका. आणि काहीही बदल वाटला, चांगला असो की वाईट, तर लगेच फोन करा." नंबर त्यांनी फोनशेजारी भिंतीवर मोठ्या आकड्यांत चिकटवून दिला.

आज एक गंमत कळली. आतलं दार लोटलेलं होतं, मी टॉवेल द्यायला गेले होते. सिस्टर म्हणत होती, "शून्य म्हणजे तो विचार अजिबात नाही. दहा म्हणजे त्याच्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही. आज किती?" ढब्बू म्हणाली, "सात."

मार्क देतात तर. हे बहुतेक चित्त एकाग्र करण्याचं असणार. आमचे मास्तर हेच सांगायचे, मुलींनो, चित्त एका जागी ठेवा. माझं कधी राहिलं नाही. मला पाटीवर दहापैकी तीन मिळायचे, एकदा चार मिळाले होते तर मी पाटी घरापर्यंत छातीशी धरून आणली, पुसून जाऊ नये म्हणून. आणि हिला पहिल्याच झटक्यात सात.

ते दोघं गेल्यावर मी डबा काढला. निळा पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे, झाकणावर घोडा, त्याचा एक कान घासून गेलाय. मुलगा शाळेत होता तेव्हा सात किंवा त्याहून जास्त मार्क मिळाले की हा डबा उघडायचा, असा आमच्या घरात कायदा होता. ढब्बूपुढे डबा ठेवला आणि म्हटलं, "शाब्बास. सात म्हणजे काय थोडे झाले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आजी, तू ऐकलंस?"

"ऐकलं. दार उघडं ठेवून बोलता, मग ऐकणारच."

"आणि तू मला डबा देतेस."

"मग काय रागावू?"

तिनं एक बिस्किट घेतलं. हळूहळू खाल्लं, कडेकडेनं, लहानपणी खायची तसं.

७ मार्च, गुरुवार

आज आठ.

वा म्हटलं आणि डबा उघडला. सिस्टर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, आज जरा जास्त लक्ष द्या." मी म्हटलं, अगदी, लक्ष दिल्याशिवाय का सातचे आठ झाले. सिस्टर काहीतरी बोलणार होती, पण आतून ढब्बू म्हणाली, "सिस्टर, नको ना." मग सिस्टर गप्पूकडे बघून गेली. यांचं आपसांत काहीतरी चालतं.

संध्याकाळी सूनबाईचा फोन. तिनंही विचारलं असणार, कारण ढब्बू म्हणाली, "दोन. हो गं आई, खरंच दोन. बरी आहे मी." मी हातवारे करून सांगत होते, आठ सांग, आठ. तिनं मान हलवली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अगं, आईला कमी कशाला सांगितलेस? तिला बरं वाटलं असतं."

ती म्हणाली, "नसतं वाटलं, आजी."

नम्र पोर आहे. माझ्या मुलासारखी नाही, तो सहा मिळाले तरी साडेसात सांगायचा.

९ मार्च, शनिवार

आज आम्ही दिवसभर पलंगपोस घातले-काढले. मी पूर्वी हॉटेलच्या धुलाईखान्यात होते, सत्तावीस मजल्यांचं हॉटेल, सगळ्या चादरी आमच्या हातून जायच्या. दोघींनी चादर कशी घडी करायची ते ढब्बूला शिकवलं. टोकं धरायची, ताणायचं, झटकायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक द्यायचं, परत मागे. तिला ते आवडलं. घरातल्या सगळ्या चादरी झाल्या, मग पडदे काढले, मग टेबलक्लॉथ. मला एकटीला खाली वाकून हनुवटीखाली धरून घडी घालावी लागते, त्यामुळे किती वर्षांत चादरीची घडी सरळ आलेली नव्हती.

नंतर खिडकीत बसलो. खाली बसचा शेवटचा थांबा आहे. बसा येतात, वळतात, रिकाम्या होतात, परत भरतात. मला ते बघायला आवडतं. एक ड्रायव्हर वळताना हात करतो, म्हणजे करायचा. मला करायचा की मागच्या बसवाल्याला, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि मागच्या बसवाल्याला निघालं तर काय घ्या. मीही हात करायचे, पण केस सावरल्यासारखा. हल्ली तो दिसत नाही. बदली झाली असेल.

संध्याकाळी सिस्टरनं विचारलं तर सहा. मला वाईट वाटलं. दिवसभर चादरींत घालवला, चित्त कुठून राहणार. माझीच चूक. ढब्बू जेवताना म्हणाली, "आज डबा नाही?"

"सहाला डबा नाही. तुझ्या बापालाही नव्हता मिळत."

तिला काय झालं कोण जाणे, हसायला लागली. आली त्या दिवसापासून पहिल्यांदा. इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग मलाही हसू आलं, का ते न कळता. वरून घड्याळजीनं काठी आपटली. बहिऱ्याला आमचं हसणं बरोबर ऐकू जातं.

११ मार्च, सोमवार

पाच. गप्पूला मी चहा देताना म्हटलं, "मुलगी मागे पडत चाललीय, तुम्हांला काही वाटत नाही का?"

गप्पू म्हणाला, "पडू द्या की आजी."

असल्या शिक्षकांनी मुलं बिघडतात. पण चेहऱ्यानं ती बरी दिसते, हे खरं. पावाचे दोन तुकडे खाल्ले.

१२ मार्च, मंगळवार

मुलगा आणि सूनबाई आले होते. मी सकाळपासून घर पुसत होते. मुलानं घड्याळाकडे बघत सोफ्यावर बसून विचारलं, "मग, कसं काय?" सूनबाईनं विचारलं, "आज किती?" ढब्बू म्हणाली, "एक. जवळजवळ शून्यच."

सूनबाईनं तिला पोटाशी धरलं आणि रडली. आनंदानं रडली म्हणे. मला काही समजेना. एकावर एवढा आनंद? मी म्हणणार होते की अगं, आठ होते हिचे, पण ढब्बूनं टेबलाखालून माझा हात दाबला. म्हणून गप्प बसले. नम्रपणाची हद्द आहे.

ठरलं असं की शुक्रवारी तिला घरी न्यायचं. चष्म्याच्या दुकानानं जागा धरून ठेवली आहे, पण सोमवारपासून यायला हवं. मुलगा म्हणाला, "आई, तुझी मोठीच मदत झाली." मी म्हटलं, त्यात काय. दाराशी सूनबाईनं तीन वेळा सांगितलं, "बघ, आता सगळं नीट होणार."

ते गेल्यावर ढब्बू खिडकीशी उभी राहिली, जेवलीच नाही. मलाही जेवण गेलं नाही. शुक्रवार म्हणजे परवाच्या नंतरचा दिवस. ब्रश जाणार.

१३ मार्च, बुधवार

आज अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे. पण लिहून ठेवते.

दुपारी मी कपडे घडी करत होते. ढब्बू बाहेर आली, चपला घातलेल्या, पिशवी नाही, पैसे नाहीत, काही नाही. म्हणाली, "आजी, मी जरा खाली जाऊन येते."

मी म्हटलं, "जा, पण आधी सांग, आज किती? सिस्टर संध्याकाळी येणार, तोपर्यंत मला धीर निघत नाही."

तिचा हात कडीवर होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा."

मला आधी खरंच वाटेना. आमच्या घराण्यात आजवर कोणाला दहा मिळालेले नाहीत. कपडे हातातून खाली पडले. म्हटलं, "थांब. अशी कशी जाशील. डबा उघडल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, बस तिथे." ती दाराशेजारच्या चपलांच्या बाकड्यावर बसली. मी डबा आणून तिच्या मांडीवर दिला आणि फोनकडे गेले. चांगला असो की वाईट, बदल वाटला तर लगेच कळवा, असं सांगितलेलंच होतं. म्हटलं, "सिस्टर, बातमी आहे. दहापैकी दहा."

सिस्टर म्हणाली, अगदी हळू, "आजी, ती कुठे आहे?"

"ही काय दाराशी. खाली जायचं म्हणते."

"दाराला कडी घाला. तिच्याजवळ बसा. हात धरा तिचा. आम्ही निघालोच. बोलत राहा, आजी, तुम्ही नुसतं बोलत राहा."

म्हटलं, त्यात काय अवघड. कडी घातली, तिच्याशेजारी बाकड्यावर बसले, हात धरला. हात बर्फासारखा गार. मी बोलत राहिले. पाटीचं सांगितलं. चार मार्क छातीशी धरून आणले ते, आणि घरी पोचेपर्यंत झग्याला लागून ते पुसून गेले होते ते, आणि मग मी कोणाला सांगितलंच नाही, कारण दाखवायला काही नव्हतं. ढब्बूनं विचारलं, "मग कोणालाच कळलं नाही?" मी म्हटलं, "आज तुला कळलं."

ती रडायला लागली. आवाज न करता. हातात अर्धं बिस्किट.

ती दोघं आली तेव्हा गप्पूच्या शर्टाची बटणं चुकीच्या काजांत होती. रोज जिन्यावर पायरी पायरी मोजत येणारा माणूस धापा टाकत होता. सिस्टर जमिनीवरच बसली, चपलांमध्ये, ढब्बूच्या गुडघ्यांशी. तिनं ढब्बूला काय विचारलं ते मी लिहीत नाही, मला ते नीट समजलं नाही आणि जेवढं समजलं तेवढं लिहवत नाही. ढब्बूनं मान हलवली. मग तिला त्यांच्या घरी न्यायचं ठरलं. त्यांचं एक घर आहे, तिथे माणसं काही दिवस राहतात, सतत कोणीतरी जागं असतं.

जाताना गप्पू दाराशी थांबला. म्हणाला, "आजी, फोन केलात ते फार बरं केलंत." एवढं लांब वाक्य त्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

अभिनंदन करायला कोणी असं धावत येतं का? मी मघापासून हाच विचार करते आहे.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी दोन कप काढले. एक परत ठेवला.

१६ मार्च, शनिवार

मुलगा फोनवर नुसता हं हं करतो. सूनबाई बोलू शकत नाही. काल मी विचारलं, "मला कोणी सांगेल का काय झालंय?" मुलगा म्हणाला, "आई, तुझं हृदय." माझं हृदय म्हणजे काय काचेचं भांडं आहे का. सत्तावीस मजल्यांच्या चादरी उचलल्यात मी.

आज खाली गेले, पाव आणला, वर आले. दुकानदार सोडून कोणाशी बोलले नाही. तो म्हणाला, आठ रुपये सुटे आहेत का. मी म्हटलं, आहेत. एवढंच. वही नसती तर आज माझा आवाज मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळाला नसता. लिहिताना मी मोठ्यानं वाचते ना.

तिचा ब्रश इथेच राहिलाय.

१८ मार्च, सोमवार

ब्रश घेऊन गेले. गप्पू न्यायला आला होता.

घर साधंच आहे. बाहेर पाटी नाही. पुढच्या खोलीत वेगवेगळ्या जातीच्या खुर्च्या, कोणी कोणी दिलेल्या असाव्यात. किटली सारखी गरम. कोणी कोणाला का म्हणून विचारत नाही, पण कोणी एकटंही बसत नाही. एक माणूस खिडकीशी बसलं की थोड्या वेळानं दुसरं येऊन शेजारी बसतं, विणकाम घेऊन नाहीतर नुसतंच. गप्पू म्हणाला, "मी पण इथे राहिलोय आजी. पेशंट म्हणून. दोनदा." मी म्हटलं, "तुम्ही? तुम्हांला काय झालं होतं?" तो म्हणाला, "गप्प झालो होतो." मग मीच ओशाळले.

ढब्बू आंघोळीला गेली होती म्हणून मी खुर्चीत बसले. समोर एक जाडगेला माणूस, मिशा, पायात मोजे. तो माझ्याकडे सारखा बघत होता. शेवटी म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ना? थांब्यावरच्या?"

मी म्हटलं, "तुम्ही कोण?"

"मी बस वळवतो तिथे. तुम्हांला रोज हात करायचो. तुम्ही आपले केस सावरायच्या."

मला करायचा. मागच्या बसवाल्याला नाही.

तेवढ्यात दुसरी एक नर्स आली आणि त्याला विचारलं, "काका, आज किती?"

तो म्हणाला, "तीन." नर्सचा चेहरा खुलला, कोपऱ्यातली विणकामवाली बाईही म्हणाली, अरे वा. मला वाटलं थट्टा करतात. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तीनाचं वाईट वाटून घेऊ नका, मलाही तीनच मिळायचे."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वाईट कसलं, आजी. आलो तेव्हा नऊ होतं. नऊ असताना माणूस स्टेअरिंगवर बसतो आणि त्याला रस्त्यात पूल तेवढा दिसतो. म्हणून मी बस थांब्यावर उभी केली, किल्ली साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, मला कुठेतरी न्या."

मी तिथेच बसले होते. किटली शिट्टी घालत होती. सात. आठ. डबा. सहाला डबा नाही. एक म्हटल्यावर सूनबाईनं पोटाशी धरलं ते. दहा म्हटल्यावर माझ्या हातून कपडे पडले ते, आनंदानं. चुकून जास्त घेतलेल्या गोळ्या. माझ्या गळ्यातली किल्ली. सगळं डोक्यात उलटं वळायला लागलं, ती बस वळते तसं, आणि वळायला जागा पुरेना.

मागच्या अंगणात चादरी वाळत होत्या. ढब्बू आली. मी काही न बोलता एक चादर काढली आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. आम्ही ताणली. मी म्हटलं, "तुला माहीत होतं मला काय वाटतंय ते."

"हो."

झटकली. जवळ आलो.

"आणि तू बिस्किटं खाल्लीस."

"आजी, खरा आकडा सांगितला की सगळे घाबरतात. आई रडते. बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात. मग मी दोन म्हणते. मग सगळ्यांना बरं वाटतं आणि मी एकटी पडते." टोकाला टोक दिलं, तिनं माझे हात धरून ठेवले. "तुला आठ म्हटलं तर तू वा म्हणालीस. मला वाटलं, या एका घरात तरी आठ म्हणता येतात."

"त्या दिवशी खाली कुठे निघाली होतीस?"

तिनं सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.

"मग दहा सांगितलंस का मला? जायचंच होतं तर?"

"तू विचारलंस म्हणून," म्हणाली. "जाण्याआधी कोणाला तरी खरं सांगावंसं वाटलं."

मागे गेलो. चादर ताणली. पुढची काढली. सिस्टर दारात उभी होती. म्हणाली, "आजी, तुम्हांला खरं सांगायला तुमच्या मुलानं नको म्हटलं होतं आणि हिनंही. मला ते पटलं नव्हतं." मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, आधी हे टोक धरा. तीन माणसांत चादर काही घडी होत नाही, पण धरलं तिनं.

१९ मार्च, मंगळवार

झोप नाही. मी वा म्हणाले. शाब्बास म्हणाले. दुसऱ्या कोणाच्या घरात असं झालं असेल का?

२३ मार्च, शनिवार

ढब्बू परत आली. या वेळी मुलगा आणि सूनबाई आधी सिस्टरसमोर बसले. सिस्टरनं सांगितलं की आकडा कितीही सांगितला तरी कोणी उठून जायचं नाही. मुलगा म्हणाला, "मला जमेल असं वाटत नाही." गप्पू म्हणाला, "खुर्ची धरून बसा." मुलानं खरंच दोन्ही हातांनी खुर्ची धरली. ढब्बू म्हणाली, "चार." सूनबाई रडली, पण बसून रडली. मुलगा बसला होता, बोटं पांढरी पडलेली. माझ्या पोटच्या पोराचा मला इतका अभिमान त्याच्या कोणत्याही मार्कांनी वाटला नव्हता.

दुकानानं जागा दुसऱ्याला दिली. जाऊ दे. जगात डोळे पुष्कळ आहेत.

२८ मार्च, गुरुवार

परवा तीन. मग काल दोन. खरे दोन. मी तोंडाकडे बघून ओळखते आता.

आता लिहिते ते कोणाला दाखवायचं नाही. सिस्टर म्हणाली, असंच उतरत गेलं तर पुढच्या आठवड्यात ती घरी जाऊ शकेल. मी म्हटलं, देव पावला. आणि आत जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. आकडा उतरावा म्हणून मी रोज जीव टाकते. आणि तो उतरला की ब्रश जाणार. कसली आजी मी.

३ एप्रिल, बुधवार

आज गेली. लिहिते कशी गेली ते.

पिशवी भरून दाराशी ठेवली होती. चपलांच्या बाकड्यावर बसून ती चपला घालत होती, त्याच बाकड्यावर. आई-बाप तिकडे थांब्यावर उतरवून घ्यायला येणार होते. आमच्या मिशीवाल्याची बस, तो कामावर परत आलाय, पहिले दिवस त्याच्याबरोबर दुसरा माणूस बसतो. खिडकीतून मी त्याला सकाळी हात केला. नीट केला, केसांचं नाव न घेता.

मी बडबडत होते. डबा नेतेस का, तुझ्या खोलीच्या खिडकीला पडदा आहे ना, सिस्टर तिकडे पण येईल ना, आठवड्यातून दोनदा, गप्पूला माझा चहा आठवेल. ढब्बूनं एक चप्पल घातली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "आजी. तुझं किती?"

"माझं काय किती?"

"दहापैकी."

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय. शून्य. माझ्या डोक्यात असलं काही येत नाही."

"ते नाही. एकटं वाटण्याचं. शून्य म्हणजे अजिबात नाही."

दहा म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही. मला माहीत होतं.

दोन म्हणणार होते. तोंडात आलेलंच होतं दोन. तिला बरं वाटलं असतं, शांतपणे बसमध्ये चढली असती. तिनं माझ्याकडे बघितलं, काचा बदलताना बघत असेल तशी, हे बरं की हे, तुम्ही सांगाल ते खरं.

मी म्हटलं, "नऊ."

म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले.

ती रडली नाही. मी जात नाही, असंही म्हणाली नाही. चप्पल काढली, आत गेली, निळा डबा घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"वा, आजी," म्हणाली.

खाली बस सुटल्याचा आवाज आला. यायला उशीर होईल, असा आईला फोन तिनंच केला. बिस्किटं मऊ पडली होती. आम्ही खाल्ली.